सात सेकंदांचं काम

मंगळवार. अकरा बेचाळीस. एक जण रांगेत आला. तेरा मिनिटं उभा राहिला. खिडकीशी पोचला. सात सेकंदांत परत फिरला.

*

नियम नववा : शेरे पेन्सिलीने लिहावेत. सही मात्र शाईची हवी.

*

"लोकांना हल्ली कामंच उरली नाहीत," दाखल्यांच्या खिडकीतले काका जेवता जेवता बायकोला म्हणाले. "आज एकाने मला किती वाजले ते विचारलं. भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ आहे!"

"मग सांगितलंत का?"

"सांगितलं. करतो काय?"

*

चेहरा, कपडे, चालण्याची लकब... ओळख पटेल असं काहीही टिपू नये. बघूही नये. समितीचं पत्र. खाली गोल शिक्का.

*

"बारा जणांत येशील ना गं?" आईने फोनवर विचारलं.

"बघू."

"बघू काय बघू! मी अख्ख्या दवाखान्याला सांगून बसलेय."

*

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सुरुवात चौदा नंबरच्या खोलीपासून करायला हवी.

चौदा नंबर म्हणजे विद्यापीठाच्या ऑनर्स वर्गाची खोली. एक लांबलचक टेबल, अकरा धड खुर्च्या आणि एक लंगडी, आणि दोन चापट्या खाल्ल्याशिवाय कॉफी न देणारं यंत्र. सगळ्या विभागांतून वेचून काढलेली चाळीस हुशार पोरं, गणित-विज्ञानवाली सकाळी आणि बाकीची दुपारी, इथे तीन वर्षं एकमेकांच्या हुशारीने हैराण होत. आपापल्या शाळेत जी पहिली होती, ती इथे येऊन सत्ताविसावी होत आणि आठवडाभर तोंड पाडून बसत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रबंध द्यायचा. त्यावरून बारा जणांची यादी लागायची. ते बारा चौथ्या, खास वर्षाला जाणार. बाकीचे नेहमीच्या वर्गात परत.

आणि प्रत्येक प्रबंधाला लागायचा एक 'परका वाचक'. हा या वर्गाचा जुना रिवाज. गणिताचा प्रबंध इतिहासवाल्याने वाचायचा, रसायनाचा भाषावालीने. कोण कुणाचा वाचक, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. पान कळलं तर वाचकाने खाली सही करायची, नाही कळलं तर समासात प्रश्न लिहायचा. दर गुरुवारी चार ते पाच दोघांनी समोरासमोर बसायचं. सगळ्या पानांवर सह्या झाल्याशिवाय प्रबंध आत घेतच नसत. संचालकबाई म्हणत, "हुशार माणसाने हुशार माणसाला समजावण्यात काय मोठेपणा? परक्याला समजावून दाखवा!"

गणितातल्या त्या मुलीला सगळे मोजपट्टी म्हणत. ती जिने मोजायची, जांभया मोजायची, सरांनी तासात किती वेळा 'म्हणजेच' म्हटलं ते मोजायची. तिचा प्रबंध रांगांवर होता. सहा मंगळवार, अकरा ते एक, ती दाखल्यांच्या खिडकीसमोरच्या बाकावर वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसली होती. कोण कधी आलं, किती थांबलं, किती वेळात काम झालं, एवढंच लिहायचं. विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीने चेहरे बघायला मनाई केली होती, आणि मोजपट्टीला एखादा नियम दिला की ती तो अक्षरशः पाळायची. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर तिने नजर ठेवली. पट्टा ओलांडणारी पावलं तेवढी दिसत, आणि अर्ध्या विद्यापीठाच्या पायांत तेच पांढरे कॅनव्हासचे बूट.

तर वाचनाच्या पहिल्याच गुरुवारी ती धावतच चौदा नंबरमध्ये शिरली, चार वाजून दोन मिनिटांनी, भिजलेली. शिरता शिरता छत्री झटकली. समोर टेबलाशी बसलेल्या मुलाच्या तोंडावर सगळं पाणी उडालं. त्याच्यापुढच्या कागदांवरही.

"अरे देवा — सॉरी हं! काही महत्त्वाचं तर नव्हतं ना?"

त्याने भिजलेलं पहिलं पान उचलून धरलं. "'रांगेतील माणसाची सहनशीलता'. तुम्हीच सांगा, महत्त्वाचं आहे का?"

स्वतःच्याच प्रबंधावर स्वतःच पाणी फिरवलं होतं! ती आधी ओशाळली, मग तिला हसूच फुटलं. "म्हणजे तुम्ही माझे परके वाचक."

"तुम्ही काय? एकाच वर्षात आहोत आपण. मी इतिहासात. नावाडी म्हणतात मला."

"का?"

"माझा प्रबंध नदीवरच्या जुन्या नावांवर आहे, होड्यांवर. पूल व्हायच्या आधीच्या. मला पोहता येत नाही, ते आधीच सांगून ठेवतो, कारण सगळे तेच विचारतात."

"मी विचारणार होते खरं." ती खुर्ची ओढून बसली. नेमकी लंगडी निघाली. "बरं, आपण पहिल्यांदाच भेटतोय, तेव्हा..."

तो रुमालाने तोंड पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"हं..." म्हणाला. "तसं म्हणायला हरकत नाही."

*

पान ९, समासात, पेन्सिलीने : सरासरी माणूस म्हणजे कोण? मी अजून पाहिलेला नाही.

त्याखाली, तिचं अक्षर : तो दिसत नसतो. म्हणून तर काढावा लागतो.

पान १७ : इथे 'म्हणजेच' अकरा वेळा आलंय.

तिचं : मोजलंस?

त्याचं : संगतीचा परिणाम.

पान २२ : हे समीकरण कळलं!! त्या आनंदात कॉफी सांडली. डाग त्याचा.

तिचं : डागाचा व्यास साडेपाच सेंटीमीटर. एवढा मोठा कप घेत जाऊ नकोस, झोप लागणार नाही.

पान २६ : तुझ्या रांगेत भयंकर शांतता आहे. माणसं बोलत नाहीत का?

तिचं : बोलत असतील. मी लक्ष देत नाही.

त्याचं : बघतही नाहीस?

तिचं : पिवळ्या पट्ट्याकडे बघते.

त्याचं : दोन तास?

तिचं : दोन तास.

त्याखाली पेन्सिलीने आणखी काहीतरी लिहिलेलं होतं आणि जोर लावून खोडलेलं होतं. तिने कागद उजेडात तिरपा धरून बघितला. एक प्रश्नचिन्ह तेवढं हाती लागलं.

*

"शाईची सही किती पानांवर झाली?" रूममेटने विचारलं. ती पलंगावर पालथी पडून शरीरशास्त्राच्या पुस्तकात हाडांना रंग देत होती.

"तिसरं प्रकरण संपलं. छत्तीस."

"आणि पेन्सिलीची पत्रं किती झाली?"

"पत्रं कसली? शेरे आहेत ते."

"हो का? मग माझा परका वाचक मला 'कप मोठा घेऊ नकोस' असे शेरे का नाही गं लिहीत?"

"ते मी लिहिलं होतं."

"मग तर बोलायलाच नको!" रूममेटने उशी फेकून मारली. मोजपट्टीने ती झेलली आणि तोंडावर धरून ठेवली, कारण तिचे कान लाल झाले होते आणि ते तिला न बघताही कळत होतं.

*

तिसऱ्या गुरुवारी पाच वाजले तरी दोघं उठले नाहीत. बाहेर झाडांवरून पाणी ठिबकत होतं. यंत्राने एका नाण्यात चुकून दोन कॉफ्या दिल्या होत्या, आणि हा शुभशकुन मानायचा की यंत्र बिघडल्याची तक्रार करायची, यावर बराच वाद झाला होता.

"तुझ्या नावांबद्दल सांग ना," ती म्हणाली. "दरवेळी माझ्याच रांगेत उभे असतो आपण."

त्याने फाईल उघडली. "हे बघ, नावाड्याची नोंदवही. कोण पलीकडे गेलं, सोबत काय होतं. पोती, शेळ्या, एक शिवणयंत्र... आणि ही एक बाई. दर आठवड्याला जाते. सामान : रिकामी टोपली. येताना पुन्हा रिकामी टोपली."

"नोंद चुकली असेल."

"दोन वर्षं चुकेल? मला वाटतं, तिला पलीकडे जायला काहीतरी कारण हवं होतं. टोपली हातात असली की कुणी विचारत नाही."

तिने वाफेवरून त्याच्याकडे बघितलं. तो फाईलकडेच बघत होता. तिच्या मनात आलं, हा माणूस कागदावरच्या बाईबद्दलसुद्धा आवाज खाली आणून बोलतो.

"आता तुझं चौथं प्रकरण," त्याने फाईल मिटली. "मी अजून वाचलेलं नाही. तोंडी सांग. कळलं तर लगेच सही."

मग काय! मोजपट्टी उठून उभीच राहिली. हात हलवत, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत सांगायला लागली.

"ऐक. माणूस रांगेत का थांबतो? काम मोठं असेल तर जास्त थांबतो, लहान असेल तर कंटाळून निघून जातो. सगळी पुस्तकं हेच सांगतात. पण मला एक्कावन्न नोंदी अशा सापडल्या, की थांबले दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं, आणि काम सात-आठ सेकंदांचं! रांग कितीही लांब असो, हे लोक हलत नाहीत. उलट रांग लहान असली तर मागच्याला पुढे जाऊ देतात! मी त्यांना 'चिवट गट' म्हणते. यांची सहनशीलता रांगेवर अवलंबूनच नाही. कशावर आहे ते मलाही माहीत नाही. पण असा गट आहे, हे आजवर कुणी लिहिलेलं नाही. सर म्हणाले, यादीत तुला हेच प्रकरण नेईल."

ती थांबली. मग आवाज जरा बदलला.

"माझी आई दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत बसते. तेवीस वर्षं झाली. शाळा सुटली की मी तिच्या मागे स्टुलावर बसायचे. तिथून रांग दिसायची... आणि शाळेत सगळे म्हणायचे, पोरीचं पाठांतर दांडगं आहे. खरंच होतं ते. आतापर्यंत जे काही केलं ते पाठ करून केलं. हे पहिलंच आहे रे, जे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी बसले, आणि मला दिसलं."

नावाड्याने हातातल्या पेनाचं टोपण उघडलं, परत लावलं.

"कळलं नाही का?" तिने विचारलं.

"कळलं."

"मग सही?"

"घरी नेऊन वाचतो एकदा... नीट."

तो गेला. कॉफी अर्धी तशीच. चेहरा असा उतरलेला, जणू तीच त्याच्या कुठल्या पानावर पाणी उडवून बसली होती.

*

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. त्याआधीचा शेवटचा गुरुवार. चार वाजून एक मिनिट. चौथ्या प्रकरणाच्या अठरा पानांवर एकही सही नाही, एकही शेरा नाही. तिने पानं पुन्हा एकदा उलटून बघितली.

"हे काय? समास कोरा! काहीच का नाही लिहिलंस?"

"पेन्सिलीने लिहिण्यासारखं नव्हतं."

"अरे, चार दिवस राहिलेत! काय चुकलंय ते तरी सांग. गणित चुकलंय?"

"गणित बरोबर आहे. फार सुंदर आहे." त्याने दप्तरातून एक जाड पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. ठेवलं आणि हात त्यावर तसाच राहू दिला. "मला जुने कागद फेकवत नाहीत. इतिहासवाल्यांची खोड. म्हणून... बघ."

तिने पाकीट उलटं केलं. चिठ्ठ्या. दाखल्यांच्या दालनात शिरताना दाराशी यंत्रातून जी इवलीशी चिठ्ठी निघते, वर तारीख आणि आल्याची वेळ छापलेली, त्या. ढीगभर.

पहिलीवर होतं अकरा बेचाळीस.

तिला वही बघायची गरज पडली नाही. त्या वेळा तिला पाठ होत्या. पाठांतर दांडगं. अकरा अठ्ठावन्न. बारा चौदा. बारा एकोणतीस. पुढचा मंगळवार. त्याच्या पुढचा. तिची बोटं चिठ्ठ्या सरकवत राहिली.

"या सगळ्या... तुझ्या?"

"सत्तेचाळीस आहेत."

"एक्कावन्नपैकी सत्तेचाळीस!"

"उरलेले चार कोण, ते मला खरंच माहीत नाही. तेच बिचारे खरे चिवट असतील."

"हसवू नकोस मला! तू... तू माझं चौथं प्रकरण आहेस?"

त्याने मान खाली घातली. "असं कुणी मला आजवर म्हटलं नव्हतं."

"एवढ्या वेळा कशाला रांगेत... कसला दाखला हवा होता तुला?"

"पहिल्यांदा खरंच हवा होता. तेव्हा तू दिसलीस. बाकावर. कुणाचं तरी भांडून-भांडून एकदाचं काम झालं, आणि तू जमिनीकडे बघून हसलीस. कुणाला दाखवायला नव्हे. तुझंच काम झाल्यासारखी. मग मी... परत रांगेत उभा राहिलो. आणखी कुणाचं काम होईपर्यंत." तो अडखळला. "वाटायचं, आता वर बघेल. मग खिडकीशी पोचायचो, काकांना काहीतरी विचारायचो, किती वाजले, वगैरे... आणि पुन्हा दाराशी चिठ्ठी घेऊन शेवटाला जायचो."

"अरे, पण मग बोलायचं ना! एकदा तरी!"

"तू मोजत होतीस. मध्ये बोललो असतो तर मोजणी बिघडली असती."

कोपऱ्यातलं यंत्र गुरगुरलं.

"मोजणी बिघडू नये म्हणून!" ती ओरडलीच. "मोजणी बिघडू नये म्हणून तू सहा आठवडे... अरे देवा!" तिने कपाळाला हात लावला. हसू आणि रडू एकाच वेळी आलं होतं, आणि दोघांपैकी कुणाला आधी वाट द्यावी ते तिला समजेना. "चिठ्ठीत माझं नाव निघालं, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, मी चौथ्या प्रकरणात आहे ते. गेल्या गुरुवारी तू येरझाऱ्या घालत सांगायला लागलीस, आणि... एक्कावन्न ऐकून मी घरी जाऊन आधी चिठ्ठ्या मोजल्या." त्याने पेन काढलं. "ऐक. तू म्हणालीस तर मी आत्ता अठरा पानांवर सह्या करतो. या चिठ्ठ्या नदीत सोडून देतो. कुणालाही कळणार नाही. मी जन्मात तोंड उघडणार नाही."

पेन उघडं होतं. निळी शाई टोकाशी चमकत होती. आणि मोजपट्टीने, खरं सांगायचं तर, त्या पेनाकडे बराच वेळ बघितलं. अख्खा दवाखाना बातमीची वाट बघत होता. आई होती. बारा नावांची यादी होती.

तिने चिठ्ठ्या पाकिटात भरल्या, पाकीट उचललं आणि छत्री तिथेच विसरून निघून गेली.

*

सत्तेचाळीस नोंदी वगळून तिने शुक्रवारी सकाळी आलेख पुन्हा काढला. उंचवटा होता तिथे सपाट रेघ आली. टेबलाच्या कडेसारखी सरळ. तिने तीनदा काढून बघितला.

*

"तर चिवट गट म्हणून काही नाही," संचालकबाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर प्रबंध होता, सपाट आलेख होता आणि पाकीट होतं.

"नाही, मॅडम. एक मुलगा आहे."

"हं." बाईंनी चष्मा काढला. त्या हसल्या की नाही ते सांगता येणार नाही, पण चष्मा पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "वाचकाचा प्रबंधाशी संबंध निघाला, की वाचक बदलावा लागतो. नवा वाचक, नवं वाचन. सोमवारपर्यंत होणार नाही. म्हणजे यंदाच्या यादीत तुझा विचार करता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिसऱ्यात बसून नवा प्रबंध देता येतो, ती सोय आहे. कळतंय ना?"

"हो."

"गप्प राहता आलं असतं तुला."

"हो."

"मग?"

तिने पाकिटाकडे बघितलं. "मॅडम, आधी मला तिथे एक्कावन्न माणसं दिसत होती. आता एकच दिसतो. सही कुणाचीही असली तरी मला आता परत एक्कावन्न दिसणार नाहीत."

बाईंनी प्रबंध उचलून तिच्या हातात दिला, दोन्ही हातांनी.

*

"म्हणजे एका मुलामुळे वर्ष गेलं!" फोनवर आईचा आवाज चढला. मागे दवाखान्याचा गलका ऐकू येत होता.

"मुलामुळे नाही गं आई. माझ्यामुळे. मी वर बघितलंच नाही."

"पण तो करत काय होता तिथे एवढ्या वेळा?"

मोजपट्टीने सांगितलं. रिकामं-रिकामं उभं राहणं, काकांना वेळ विचारणं, पुन्हा शेवटाला जाणं. पट्ट्यावरून गेलेल्या त्या बुटांचं आणि जमिनीकडे बघून हसण्याचंही सांगितलं, जरा अडखळत. पलीकडे कुणीतरी "ओ बाई, रांग खोळंबलीय" म्हणून ओरडलं.

"तेवीस वर्षं," आई म्हणाली, "तेवीस वर्षं मी खिडकीत बसलेय. माझ्यासाठी कुणी दोनदा आलं नाही!"

"आई!"

"नाही, खरं तेच सांगते. वर्षाचं दुःख आहे मला. आज रात्री मी रडणार आहे, उद्या तुला ओरडणार आहे. पण त्या पोराने पाकीट आणून दिलं ना स्वतः? नसतं दिलं तरी कुणाला कळणार होतं?" पुन्हा कुणीतरी ओरडलं. "अहो थांबा हो! मुलीशी बोलतेय!... बूट कुठले घालतो म्हणालीस?"

*

यादी लागली. बारा नावं. नावाडी नववा. मोजपट्टी कुठेच नव्हती, आणि नसणार हे ठाऊक असूनही तिने यादी वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा वाचली. मग मागच्या दारातून बाहेर पडून पायऱ्यांवर बसली आणि मनसोक्त रडली. किती मिनिटं, ते तिने बघितलं नाही.

डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा तो चार पायऱ्या खाली उभा होता. एका हातात तिची छत्री.

"मी नाव काढून घ्यायला निघालोय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी दोघंही..."

"नाटकं करू नकोस. नाव काढलंस तर तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि नाही काढलं तर... बोलशील?"

ती पायरीवर थोडी सरकली, एका माणसापुरती. तो येऊन बसला. मध्ये छत्री.

"मला तुझा राग आलाय," ती म्हणाली. "भयंकर. सकाळी उठले की पहिल्यांदा राग येतो. मग दात घासेपर्यंत वाटतं, हे त्याला सांगायला हवं. आणि मग गुरुवार कधी आहे ते बघते. आता या सगळ्याचं मी काय करू, ते तूच सांग."

"मला वाटतं..." तो म्हणाला, आणि पुढे काही सुचलंच नाही त्याला. अख्ख्या इतिहास विभागात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवणारा मुलगा!

"तू गप्प राहिला असतास ना, तर मी यादीत असते," ती सावकाश म्हणाली. "आणि कधीतरी ते कळलं असतं. मग मला तू... आवडला नसतास."

"नसतास?"

"नसतास."

"म्हणजे आत्ता..."

"इतिहासवाल्यांना सगळं लिहूनच द्यावं लागतं का रे?"

मग तिने त्याच्याकडे बघितलं. सावकाश, घाई न करता. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती. एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर. हनुवटीवर आज घाईत केलेल्या दाढीचा ओरखडा. डोळे लाल, म्हणजे हाही कुठेतरी कोपऱ्यात रडून आला होता. तो संकोचून गेला. "काय... काय बघतेस?" त्याने विचारलं.

"थांब ना," ती म्हणाली. "अजून झालं नाही."

आणि तो थांबला.

*

या सगळ्याच्या तीन वर्षं आधी, ऑनर्स वर्गाच्या प्रवेश परीक्षेला नावाडी सात मिनिटं उशिरा पोचला होता. दार बंद झालं होतं. शिपाईबाईंनी घड्याळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि दार उघडलं.